एक नाग, अनेक नागो

सोमाली भाषेत नाग म्हणजे बाई. पहिल्या तासाला मला हसू आलं होतं. बारा आठवड्यांनी याच नागाने मला परीक्षेत नापास केलं, तेव्हा हसू आलं नाही.

मी अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. येणाऱ्यांत सोमाली आजी-आजोबा पुष्कळ. डॉक्टरांशी बोलायला दुभाषी असतो, पण 'इथे बसा', 'जन्मतारीख सांगा' एवढ्यासाठी दर वेळी त्याला फोन लावायचा, हे मला जिवावर यायचं. म्हणून संध्याकाळचा वर्ग लावला. लिपी १९७२ पासून रोमन, त्यामुळे वाचायला आठवडाही लागला नाही. डी-एच अशी जोडी दिसली की उच्चार साधारण आपला ड. वर्गातल्या बाकीच्यांची जीभ तिथे वळेना, तेव्हा मी थोडं मिरवून घेतलं.

'तो अमुक', 'ती अमुक' असं ठरावीक वस्तूबद्दल बोलायचं तर शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लागतो. पुल्लिंगी शब्दाला 'का', स्त्रीलिंगीला 'ता'. निन म्हणजे माणूस, निन्का म्हणजे तो माणूस. नाग, नाग्ता. शेवटच्या अक्षराप्रमाणे प्रत्यय थोडा बदलतो: गुरी (घर) चं गुरिगा, होयो (आई) चं होयदा. ल नंतर ता आला की दोघांचा मिळून शा होतो, म्हणून मेल (जागा) चं मेशा आणि बिल (महिना) चं बिशा. संधी शिकून आलेल्या माणसाला यात काय अवघड?

मग अनेकवचन आलं.

आम्हाला झेरॉक्सचा एक कागद दिला होता. त्यावर सात गट, प्रत्येक गटाला दोन उदाहरणं आणि तळाला एक ओळ: 'अनेकवचनात लिंग सहसा बदलते.' बस. का बदलतं, कुणाचं बदलतं, 'सहसा' म्हणजे किती वेळा, काही नाही. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पाठ करा. त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही.

परीक्षेत चित्रांची वीस कार्डं होती. प्रत्येकाची चार रूपं सांगायची: एक, ते एक, अनेक, ते अनेक. बाईचं चित्र आलं. मी म्हणाले नाग, नाग्ता, नागो, आणि ऐटीत 'नागोदा'. चूक. बरोबर उत्तर नागहा; हा 'हा' म्हणजे स्वरानंतर बदललेला 'का'. म्हणजे एक बाई स्त्रीलिंगी, आणि बायका जमल्या की त्यांना पुरुषांचा प्रत्यय! पुढचं कार्ड बापाचं. आब्बे, आब्बहा, आब्बयाल, इथवर ठीक. आता उलटं करायचं हे कळलेलं, तरी घाबरून पुन्हा पुल्लिंगीच लावलं. बरोबर उत्तर आब्बयाशा. ल आणि ता मिळून शा, स्त्रीलिंगी! मग पुस्तक आलं. बूग, बूग्गा, बूगग. आता मी शहाणी झाले होते, म्हणून उलटं केलं आणि स्त्रीलिंगी प्रत्यय लावला. चूक. बूगग्गा. पुस्तक पुल्लिंगी, पुस्तकंही पुल्लिंगीच. समोरच्या बाईंनी चेहऱ्यावरची माशी न हलवता कागदावर फुली मारली. वीसपैकी बारा. पास व्हायला सोळा लागत होते.

दोन-तीन आठवडे मी त्या कागदाला हात लावला नाही. दवाखान्यातल्या माझ्या सोमाली मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, 'असंच असतं, त्यात काय?' मला तेव्हा तिचाही राग आला.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर मैत्रीण विचारते, 'कोण आली होती?' माझ्याकडून ऐकून ऐकून तिला थोडं मराठी कळतं. ती म्हणजे एक बाई, एवढं तिला ठाऊक. मी म्हणाले होते, 'ती मुलं आली का?' मी समजवायला लागले. ते मूल, ती मुलं. तो मुलगा, ते मुलगे. ती मुलगी, त्या मुली. बोलता बोलता माझीच बोलती बंद झाली. एका बाईला 'ती' आणि दहा पोरांनाही 'ती'. एका लेकराला 'ते' आणि दहा पुरुषांनाही 'ते'. मी जन्मभर हे बोलतेय आणि एकदाही अडखळले नाही. तिने विचारलं, 'असं का?' मी म्हणाले, 'असंच असतं.'

त्या रात्री कागद काढला आणि सात गट बाजूला ठेवून स्वतःची विभागणी केली. रोजच्या वापरातले स्त्रीलिंगी शब्द अनेकवचनात पुरुषांचा प्रत्यय घेतात, डोळे मिटून. नागो, नागहा. बिलो, बिलहा. होयोयिन, होयोयिन्का. अर्धं काम तिथेच संपलं. उरले पुल्लिंगी. त्यातले एकाच स्वराचे छोटे शब्द शेवटचं व्यंजन पुन्हा म्हणतात आणि पुल्लिंगीच राहतात: बूगग, आणि निन चं निमन, निमन्का. काही शब्द मधला स्वर गिळतात, आपल्या 'माणूस'चं 'माणसं' होतं तसे: जिलिब (गुडघा) चं जिल्बो, इलिग (दात) चं इल्को. हेही पुल्लिंगीच राहतात, जिल्बहा, इल्कहा. उलटतात ते मुख्यतः आब्बेसारखे ए-कारान्त आणि लांब शब्द. काही शब्द अरबी धाटणीचं अनेकवचन घेतात: डख्तर (डॉक्टर) चं डखातीर, डखातीर्ता. ते सरळ पाठ करा.

शब्द कधीही उघडा पाठ करू नका. नाग्ता-नागहा अशी जोडीच करा. हे मी पहिल्या दिवसापासून केलं असतं तर परीक्षेची दुसरी फी वाचली असती. वलाल हा शब्द तर प्रत्ययाशिवाय भाऊ की बहीण तेही सांगत नाही: वलालकय माझा भाऊ, वलाशय माझी बहीण.

आणि हो, आकडा आला की हा सगळा खटाटोप बाजूला. लबा निन, म्हणजे दोन माणूस, निमन नाही. स्त्रीलिंगीला मात्र शेवटी 'ओद' लागतं, लबा नागोद. पाठांतराच्या नादात मी कित्येक दिवस 'लबा निमन' म्हणत होते.

काउंटरवर कुणा बाईला नाग म्हणू नका, ते रोखठोक वाटतं. एड्डो म्हणा, म्हणजे आत्या, किंवा हबरयर, म्हणजे मावशी. आत्या आणि मावशी वेगळ्या ठेवणारी भाषा मला तिथेच आवडली.

दुसऱ्यांदा अठरा मिळाले. गेलेल्या दोनांतला एक दिबी, म्हणजे बैल. त्याचं अनेकवचनही दिबीच, फक्त आघात शेवटच्या स्वरावर सरकतो आणि दिबिगाचं दिबिदा होतं. दुसरा कुठला ते आठवत नाही.

पुढच्याच सोमवारी एक आजी काठी टेकत आल्या, गुडघ्याकडे हात. मी पुढे वाकून ऐटीत विचारलं, 'एड्डो, जिल्बहा?'

आजींनी एक बोट वर केलं. 'जिलिब्का,' त्या म्हणाल्या, आणि तेच बोट उजव्या गुडघ्यावर टेकवलं.