झेब्रा डॅनियोची पिल्लं जगवताना

झेब्रा डॅनियो आपल्याच भागातला मासा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ ओढ्यांत, भातखाचरांत सापडतो, थंडी-उकाडा सोसतो, म्हणून नवख्यांना हाच सुचवतात. अंडी घालायलाही तो आढेवेढे घेत नाही. कस लागतो तो पिल्लांच्या पहिल्या आठवड्यात.

10 लिटरच्या टाकीत मी एक दिवस मुरवलेलं पाणी 12 सेंटीमीटरपर्यंत भरलं आणि तळाशी खेळायच्या गोट्यांचे दोन थर दिले. डॅनियोची अंडी चिकटत नाहीत, थेट खाली पडतात आणि आईबापच ती गिळतात. गोट्यांच्या फटीत गेली तरच वाचतात. पोट गोल, रुपेरी दिसणारी एक मादी आणि सडपातळ, पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक असलेले दोन नर संध्याकाळी सोडले. पहाटे पहिला उजेड पडला की नर मादीमागे लागतात, त्यामुळे रात्री दिवा चालू ठेवायचा नाही. नऊच्या सुमारास मोठे मासे काढून घेतले.

पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. त्यांना बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांवर चढते, म्हणून ड्रॉपरने रोज वेचली. चांगलं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर आत गुंडाळलेलं शेपूट मध्येच झटका देतं आणि इवलंसं हृदय धडधडताना दिसतं. हे दृश्य चुकवू नका!

28 अंशांना दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर आली आणि काचेला चिकटून राहिली. तेव्हा खायला घालू नये, पोटाशी बलक असतो. पुढे वर येऊन हवेचा घोट घेतला की त्यांची हवेची पिशवी फुगते. पाण्यावर तेलकट साय असेल तर ती फुगत नाही आणि पिल्लू तळाशीच तडफडतं. साय टिपकागदाने उचलायची.

पाचव्या दिवसापासून पॅरामेशियम, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म एकपेशीय जीव, दिलं. ते वाढवायची बाटली आठवडाभर आधी लावावी लागते. उकडलेल्या अंड्याचा बलक मला पटत नाही. चिमूटभरही जास्त झाला तर रात्रीत पाणी नासतं. दहाव्या दिवसापासून ताजं उबवलेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची इवली पिल्लं, दिलं. पोटं नारिंगी दिसली की खाल्लंय हे कळतं. पाणी रोज पाव भाग बदललं, तेही हवेच्या बारीक नळीने, कारण जाड नळीत पिल्लंच ओढली जातात. फिल्टर फक्त स्पंजचा, हवा अगदी मंद.