मुंबई ते मिनियापोलिस: अडकलो ते शिकागोत

मुंबई ते शिकागो सरळ हवाई अंतर सुमारे 13,000 किमी. फ्रँकफर्टमार्गे गेलं तर ते जेमतेम पाचशे-सहाशे किमीने वाढतं, म्हणजे वळसा असा पडतच नाही. मुंबई-फ्रँकफर्ट नऊ तास, पुढे शिकागो साडेनऊ-दहा, तिथून मिनियापोलिस दीड तास. हवेतला हा सगळा प्रवास आईने, सत्तरी उलटलेली असूनही, मजेत केला.

जीव घेतला तो शिकागोने. "मध्ये दोन तास आहेत, भरपूर झाले," असं म्हणून एजंटाने तिकीट गळ्यात मारलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्यात मुंबईच्या काउंटरवर बॅगांना मिनियापोलिसचे टॅग लावून "आता थेट तिकडेच मिळतील" असं सांगितलं. तसं होत नाही! फ्रँकफर्टहून येणाऱ्याला अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन करावं लागतं, पट्ट्यावरून बॅगा उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा जमा कराव्या लागतात. टॅगवर काहीही छापलेलं असो.

टर्मिनल 5 ची रांग दोऱ्यांच्या कठड्यांमधून नागमोडी फिरत होती. आई एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभी, आणि माझं लक्ष सारखं घड्याळाकडे. अधिकाऱ्याने विचारलं ते एवढंच: कोणाकडे चाललात, किती दिवस राहणार, खायचं काय आणलंय. आईने भाजणीच्या चकल्या आणि गोडा मसाला सांगून टाकला, त्याने मान डोलावली. (खाण्याचं काही लपवू नका, ताजी फळं आणि मांस मात्र नेऊच नका.) पुढे पट्ट्यावर एक बॅग लगेच आली, दुसरी येईना. ती जमा करून, टर्मिनल बदलणाऱ्या गाडीने पलीकडे जाऊन, परत सुरक्षा तपासणी उरकेपर्यंत आमच्या विमानाचं दार बंद झालं होतं.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर होता म्हणून निभावलं. संध्याकाळच्या विमानात फुकट जागा मिळाली. स्वस्त पडतं म्हणून शेवटचा टप्पा वेगळा काढला असता तर ते पैसे गेले असते. तेव्हा तिकीट एकच घ्या आणि पहिल्या अमेरिकी विमानतळावर साडेतीन-चार तास ठेवा. आईवडील बरोबर असतील तर बुकिंगच्या वेळीच व्हीलचेअर मागा. आणखी एक, अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन बहुतेकदा तिथेच होतं. आईला पुढच्या वेळी मी तिकडूनच नेणार.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हेही पक्कं लक्षात ठेवा. शिकागो उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. मध्यरात्रीनंतर मुंबई सोडून त्याच तारखेला दुपारी पोचल्याचं दिसतं. मधल्या जवळजवळ एका अख्ख्या दिवसाचा थकवा कागदावर दिसत नाही. परतीला पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने अटलांटिकवर तासभर वाचतो, आणि मिनियापोलिसला दिलेली बॅग खरोखरच थेट मुंबईत मिळते.