पाच हजारांचं क्रीडा अनुदान आणि समितीतल्या ताईंचा एक प्रश्न

समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून प्राथमिक शाळेला खेळासाठी वर्षाला 5,000 रुपये मिळतात, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000. आमची शाळा धाराशिव जिल्ह्यातली, पहिली ते पाचवी, पट 46, शिक्षक दोन. म्हणजे एका पोरामागं शंभर रुपयांच्या थोडं वर. खेळाचा वेगळा शिक्षक नाहीच, शिक्षण हक्क कायद्यात अर्धवेळ निदेशक धरलाय तो सहावी ते आठवीला आणि तोही पट शंभरच्या वर असेल तरच, त्यामुळं मराठी गणित परिसर शिकवणारे आम्हीच पीटीचे पण शिक्षक.

या पैशाचं बऱ्याच ठिकाणी काय होतं ते शिक्षक मंडळींना सांगायला नको. मार्च जवळ येतो, खर्च ऑनलाइन दाखवायची घाई असते, मग तयार किट येतं. बॅट, स्टंप, दोन फुटबॉल, कॅरम, बुद्धिबळ. पक्कं बिल, फोटो, डेडस्टॉकला म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत नोंद, झालं. पुढं बॅट चार दांडग्या पोरांच्या ताब्यात, बाकी सामान कपाटात कारण हरवलं तर भरून कोण देणार, आणि पोरी लिंबाखाली गप्पा मारत बसलेल्या. मला याचा फार त्रास होतो. पळणं, उडी मारणं, झेल घेणं, तोल सांभाळणं हे सगळं याच वयात अंगात मुरतं, नंतर मोठेपणी ते शिकवायला गेलं तर अवघड जातं.

तर गेल्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग होती, त्या दिवसाबद्दल लिहायचंय. अशीच तयार किटची यादी टेबलावर आली होती, बेरीज बरोबर पाच हजाराच्या आत बसवलेली. समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात, पण एरवी बाया येतात, सही करतात आणि चहा घेऊन जातात. त्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीची आई, कधी फारशी न बोलणारी, यादी हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, ह्यातल्या सामानावर एका टायमाला किती लेकरं खेळतील?"

मोजलं. कॅरमवर चार, बुद्धिबळावर दोन, क्रिकेटमध्ये खरं पळणारी तीनचार. बाकीची पस्तीसेक पोरं बघणार. अध्यक्ष गप्प, मुख्याध्यापक सरांनी यादी बाजूला ठेवली. मग सर म्हणाले, ताई तुम्हीच सांगा काय घ्यायचं. तर त्या म्हणाल्या, "खो-खोला काय सामान लागतं? दोन खांब अन् चुना."

तेव्हा कळलं की ताई माहेरी असताना शाळेकडून जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या, दहावीनंतर लग्न झालं आणि खेळ सुटला. आमचा जिल्हा खो-खोचा आहे हो. सारिका काळे इथल्याच, 2016 ला दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं जिंकलेल्या भारतीय संघाच्या कर्णधार, 2020 ला अर्जुन पुरस्कार. आणि अशा जिल्ह्यातल्या शाळेत आम्ही कॅरम मागवत होतो.

मीटिंग संपल्यावर त्यांना म्हणलं, पोरींना जरा दाखवता का? नको नको करत मैदानात आल्या, पदर खोचला, चपला काढल्या. चौथी-पाचवीच्या आठ पोरी एका ओळीत बसवल्या, एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. दोन्ही टोकांना खांब म्हणून पाचवीतली दोन उंच पोरं उभी केली. बसायचं कसं इथंच किती वेळ घेतला त्यांनी! उकिडवं, एक पाय मागं, बोटांवर जोर, म्हणजे खो मिळाल्याबरोबर उठता येतं. खो देताना पाठीला हात लागलाच पाहिजे आणि आवाज खणखणीत. उठल्यावर एकदा दिशा धरली की खांबापर्यंत माघारी फिरायचं नाही, दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडं जायचं नाही. आणि मग स्वतः पळून दाखवलं. साडीत, अनवाणी, त्या ओळीतून अशी काही हुलकावणी देत गेल्या की पाठलाग करणारी पोरगी दरवेळी चुकीच्या बाजूला. पोरं ओरडत होती, कुंपणाबाहेर माणसं थांबली, आणि त्यांची स्वतःची लेक, जी पीटीच्या तासाला कायम पोट दुखतं म्हणून बसायची, ती माझा हात ओढून म्हणत होती मॅडम मला पण घ्या.

त्यानंतर यादी नव्यानं केली. खांब गावातल्या सुतारदादांनी बाभळीचे करून दिले, जमिनीवर 120 सेंटीमीटर, रंधा मारून गुळगुळीत, कुठं खिळा नाही. सुताराकडं पक्कं बिल नसतं आणि अनुदानाला ते लागतंच, म्हणून खांब लोकसहभागातून घेतले. एकानं ट्रॅक्टरभर माती टाकली, पालकांनी खडे वेचले. पाच हजारातून तालुक्याच्या दुकानातून दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, रबरी चेंडू, रिंगा, कोन, शिट्टी, लांब टेप आणि चुना घेतला. दोऱ्या आणि चेंडू मुद्दाम जास्त, दोघांत एक तरी यावा इतके. पहिली-दुसरीला लंगडी आणि चेंडूफेक, मोठ्यांना खो-खो, आणि सामान कपाटात न ठेवता वर्गाच्या कोपऱ्यातल्या उघड्या टोपलीत. चेंडू हरवतात, चालतं, ते वापरून संपायलाच आणलेत.

ताई आता शनिवारी सकाळी येतात. मानधन द्यायची सोय या अनुदानात आम्हाला सापडली नाही, ही गोष्ट मला खटकते आणि मी ती प्रत्येक मीटिंगला मांडते, कारण सामानापेक्षा शिकवणारं माणूस जास्त लागतं. तीन हजार सामानाला आणि दोन हजार अशा गावातल्या खेळाडूला देता आले असते तरी किती फरक पडला असता.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या स्पर्धेत आमच्या पोरी पहिल्याच सामन्यात हरल्या. परत येताना टमटममध्ये कोण कुठं चुकलं यावरून त्यांचं जे भांडण चाललं होतं ते शाळा येईपर्यंत थांबलं नाही, आणि सोमवारी परिपाठाच्या आधीच मैदानावर चुना मारायला सगळ्या हजर. यंदाच्या पैशात खांबाजवळची जागा भुसभुशीत करायची ठरलीय, सूर मारताना गुडघे सोलतात म्हणून.