ओली लाकडं

४ जानेवारी

आज न्हाणीतलं भाण, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं, तापायला सव्वा तास लागला. फुंकणीने फुंकून फुंकून आईचे डोळे लाल झाले. शेवटी माझ्याकडे न बघता, चुलीलाच सांगावं तसं म्हणाली, "हीं लांकडां जळनात, रडटात."

खरंच रडत होती. कापलेल्या टोकांतून फेस येत होता, चर्र चर्र आवाज करत. (आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि लिहिणं मराठी. आजोबांच्या हिशेबाच्या वह्यांपासून हे असंच आहे, त्यामुळे या रोजनिशीतही माणसं कोंकणीत बोलणार आणि मी मराठीत लिहिणार.)

लाकडं माझीच. काकांचे गुडघे गेल्यापासून सरपणाचं खातं माझ्याकडे आलं आणि मी ते पहिल्याच वर्षी बुडवलं. गेल्या मे महिन्यात, दहा तारखेच्या सुमारास, मागच्या भाटातला (बागायतीतला) एक आकेशिया पाडला. गोव्यात पाऊस ५ जूनच्या आसपास येतो, म्हणजे हातात पंचवीस दिवस, कडक ऊन, लाकूड वाळेल, असा माझा हिशेब. पण २०२५चा मे कसा गेला ते सगळ्यांना आठवत असेल. २४ तारखेला मान्सून केरळात पोहोचला आणि आमच्याकडे तर त्याच्याही चार दिवस आधीपासून झोडपायला लागला होता. आमच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस म्हणजे किनाऱ्यावरचा पाऊस नव्हे. मी घाबरून ओंडके न फोडताच मांगराच्या (मागच्या खोपीच्या) कडेला ढीग केला आणि वरून खालपर्यंत निळ्या ताडपत्रीत गुंडाळला. चारी बाजूंनी. आतलं पाणी आतच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा सालीवर पांढरी बुरशी आणि खाली एक लठ्ठ विंचू. त्या चतुर्थीला खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) शिजलं, पण घरभर धूर, आणि गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांना धुराचा वास.

काका तेव्हा सोप्यावर (ओसरीवर) बसून एवढंच म्हणाले होते, "मे म्हयन्यांत लांकडां तोडलीं न्हय? आतां धुंवर खा."

लाकूड थंडीत पाडायचं असतं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

रात्री, त्याच दिवशी

यंदा तीन झाडं काढायची आहेत. कौलांवर कललेले दोन आकेशिया आणि विहिरीजवळचा मेलेला काजू. कागद डिसेंबरातच हातात आलाय. १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. अर्जाला वेळ लागला नाही, लागला तो एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्याला. त्यावर अकरा नावं. चार जण वारलेले, दोघे मुंबईला, एक आत्या बेळगावला. प्रत्येकाची ना हरकत मिळवताना कोणाच्या लग्नाला आपण गेलो नव्हतो त्याची पूर्ण उजळणी झाली. आत्याने फोनवर विचारलं, "माडाक हात लायना मगो?" नाही म्हटल्यावर सही दिली.

माडाची गंमत तर आपल्याच विधानसभेने करून ठेवली होती. २०१६ साली कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माडालाच वगळलं. लोकांनी लगेच 'माड आता गवत झाला' म्हणून चेष्टा सुरू केली. २०१७ मध्ये त्याला परत आत घेतलं. आमच्या दारातले माड या सगळ्या काळात जिथल्या तिथेच उभे होते.

तोडलेल्यांच्या बदल्यात नवीन झाडं लावायची अट आहेच. भिरंडीची (कोकमाची) रोपं आणायचं ठरवलंय. आकेशिया मात्र पुन्हा नाही.

११ जानेवारी

पाडली. तीनही.

मुद्दाम आजचा दिवस धरला, वद्य पक्ष. पौर्णिमेच्या जवळ तोडलेल्या लाकडाला कीड लवकर लागते असं काकांचं म्हणणं. मी वाद घातला नाही, गेल्या वर्षीच्या धुरानंतर माझी वाद घालायची पत राहिलेली नाही.

मशीनवाला सकाळी साडेसातला आला, सोबत दोन पोरं आणि एक जाड दोर. येताच त्याने मशीनला हात लावला नाही. आधी नारळ मागितला. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी अगरबत्ती लावून राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलं. आम्ही हे झाड काढतोय, घरावर आलंय म्हणून काढतोय, पोराबाळांना सांभाळ, चुकलंमाकलं पदरात घे. दोन्ही पोरं मागून "व्हय म्हाराजा" म्हणाली. काकांनीही सोप्यावरून म्हटलं. मग त्याने मशीनची दोरी ओढली आणि पुढचे दोन तास कुणाचं कुणाला ऐकू आलं नाही.

त्याची पद्धत बघत राहिलो. झाड ज्या अंगाला पाडायचं, त्या अंगाने आधी पाचरीच्या आकाराची फोड काढली, खोडाच्या जवळजवळ पाव भागापर्यंत. मग उलट बाजूने, थोडं वर, सरळ कापत आला. मध्ये दोन-तीन बोटं लाकूड तसंच ठेवलं. ते बिजागरीसारखं काम करतं. झाड कोसळत नाही, वळतं. शेंड्याला बांधलेला दोर पोरं फणसाच्या बुंध्याला वेढा देऊन ओढत होती. मी गाडीला बांधूया का म्हटलं तर तो म्हणाला, "गाडयेक नाका. रूख गाडी घेवन वतलो." म्हणजे झाड गाडीलाच घेऊन जाईल.

पहिला आकेशिया जिथे पडायला हवा तिथे पडला. दुसरा हातभर चुकला आणि आईची अळूची वाफ गेली. मुळं बघितली, अगदी वरवरची, ताटासारखी पसरलेली. खाणीच्या पट्ट्यात मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेली ही ऑस्ट्रेलियन जात वाढते भराभर आणि वाऱ्याला आडवी होते तितक्याच भराभर. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या मांगरावर असाच एक आडवा झाला होता. चार दिवस वीज नव्हती आणि रस्त्यावर पडलेल्यांत निम्मे हेच होते. (निम्मे हा माझा अंदाज. काका म्हणतात सगळेच.)

काजू शेवटी. तो पाडताना काहीच वाटू नये इतका तो आधीच गेलेला होता. दोन वर्षांपूर्वी बुंध्यातून डीक आणि लाकडाचा भुसा बाहेर येताना दिसला होता, पानं पिवळी पडत होती. रोठा, खोड पोखरणारी कीड. तेव्हाच खोड तासून अळ्या काढायला हव्या होत्या. नंतर करू म्हटलं.

२५ जानेवारी

ओंडके पाडून झाले. मोजायला काठी काकांनी दिली, त्यांची जुनी, एक हात लांबीची. भाणाच्या चुलीत एवढंच लाकूड जातं. मी गेल्या वर्षी दीड हाताचे पाडले होते, म्हणून अर्धी लाकडं चुलीबाहेर डोकावत आणि तिकडूनच धूर सोडत.

पाठ धरली आहे. जास्त लिहीत नाही.

८ फेब्रुवारी

आज दिवसभर फोडत होतो.

कुऱ्हाड काकांचीच. दांडा धामणीच्या लाकडाचा, तीस वर्षांचा, हाताच्या जागी काळा गुळगुळीत. पहिल्याच तासात पातं हलायला लागलं, एकदा तर दांड्यावरून सरकून माझ्या पायापासून वीतभर लांब पडलं. काकांनी आईला हाक मारून पाण्याची बादली मागवली आणि कुऱ्हाड डोकं खाली करून तिच्यात उभी केली. "रातभर दवरपाक जाय आशिल्ली," म्हणाले. दांडा पाणी पितो, फुगतो, घट्ट बसतो. उन्हाळ्यात आदल्या रात्री भिजवून ठेवायची हे गणित मला आज, पातं उडाल्यावर समजलं. तासभर थांबलो. त्या तासात काकांनी माझ्या फोडलेल्या ढलप्या एकेक उचलून पाहिल्या आणि काही न बोलता खाली ठेवल्या. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी मधोमध मारत होतो, आणि कुऱ्हाड अडकत होती. अडकली की ओंडक्यासकट उचलून आपटायची, आणि त्यात अर्धी ताकद जायची. दुपारनंतर ओंडक्याच्या तोंडाकडे नीट बघायला लागलो. वाळताना लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही, वर्तुळाच्या घेरात जास्त आकसतं, म्हणून गाभ्याकडून सालीकडे भेगा जातात. दोन आठवड्यांच्या उन्हात त्या आकेशियाच्या तोंडावर स्पष्ट उमटल्या होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. ती भेग धरून, कडेकडेने मारलं की ढलपी आपण होऊन सुटते. मोठ्या ओंडक्याला लोखंडी पाचर आणि घण. आवाज बदलत जातो. पहिले तीन घाव बद्द, बद्द, मग एकदम मोकळा होतो आणि तुम्हाला कळतं की आता हा गेला.

गाठ असली की मात्र काही खरं नाही. आणि बेचकं तर फोडायचंच नाही. मी एका बेचक्यावर चाळीस घाव घातले. मोजत होतो, हट्टाने. काका पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "तें तशेंच दवर. पावसांत न्हाणयेंत घाल, दनपार मेरेन जळटलें." म्हणजे सकाळी एक बेचकं सारलं की दुपारपर्यंत निखारा. चाळीस घावांच्या आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

काजू फोडताना वेगळाच प्रकार. लाकूड हलकं, एका घावात दुभंगतं, आणि आत बोगदेच बोगदे, भुशाने गच्च भरलेले. बोगद्यात अळ्या, पांढऱ्या, करंगळीएवढ्या जाड. पहिली खाली पडली तेव्हा कोंबडी कुठून आली कळलं नाही. दहा मिनिटांत सगळ्या आल्या. मग मी फोडायचं आणि त्यांनी पायात घुटमळायचं, कुऱ्हाड वर गेली तरी हलायच्या नाहीत. शेवटी काठी घेऊन आईला उभं राहावं लागलं. आई म्हणाली, या झाडाचे काजू तुझ्या आजीने विकून तुझ्या बाबांची शाळेची फी भरली होती. कोंबड्या खातच होत्या.

रात्री

हातांना फोड. खोबरेल लावून बसलोय.

मोबाइलवर लाकडं रचायचे व्हिडिओ बघितले. बर्फाच्या देशांतले लोक गोल गोल, मंदिराच्या कळसासारखे ढीग रचतात. बघायला छान. पण त्यांचा वैरी थंडी आहे, आपला जून ते सप्टेंबर. त्यांचं लाकूड उघड्यावर दोन वर्षं वाळत राहतं. आपलं उघड्यावर राहिलं तर आधी वाळवी खाते, मग बुरशी, मग भुंगे. मी मांगरात जांभ्या दगडांवर दोन बांबू आडवे टाकलेत आणि त्यावर थर, एक उभा, एक आडवा. जमिनीला टेकू द्यायचं नाही, भिंतीलाही. वर पत्रा आणि बाजू मोकळ्या. ताडपत्री मी गोठ्याच्या छपराला देऊन टाकली.

एक कबूल करायला हवं. कुणी विचारतं, गॅस असताना हे कशाला? गॅस आमच्याकडे पंचवीस वर्षांपासून आहे आणि रोजचा स्वयंपाक त्यावरच होतो, व्हायलाच हवा. धुरात आयुष्य काढलेल्या बायकांचा खोकला मी ऐकलाय. आजीचा शेवटपर्यंत ऐकला. पण भात उकडायचा असतो, चतुर्थीला वीस माणसं असतात, आणि पावसात भाणाचं पाणी. माझी बाजू लंगडी आहे, माहीत आहे. तरीही धूर कमी करायचा तर लाकूड कोरडं हवं, एवढं तरी माझ्या हातात आहे.

१ मार्च

होळी दोन दिवसांवर. गावची पोरं सकाळी आली, होळीसाठी आंबा हवा, तुमचा मागचा म्हातारा झालाय, देता का? मी 'बघूया' म्हणणार तेवढ्यात काका सोप्यावरून उठले. गुडघ्यांसकट उठले.

"ताका हात लावूं नाका. तो म्हजो."

पोरं हसली, मग गप्प झाली. आमच्याकडे चितेला आंब्याचं लाकूड लागतं. काकांनी तो आंबा कधी धरून ठेवला होता कोण जाणे. माझ्या परवानगीच्या अर्जात त्याचं नाव का घालू दिलं नाही ते आज कळलं. तेव्हा म्हणाले होते, त्याला अजून फळ धरतं. यंदा मोहोरही नव्हता.

पोरांना दुसरीकडे आंबा मिळाला. काका दुपारी नेहमीपेक्षा जास्त जेवले.

२९ मार्च

मांगर दोन तृतीयांश भरलाय. आकेशियाच्या शेवटच्या पाच ओंडक्यांना मी फेब्रुवारीत कंटाळून फोडलं नव्हतं, ते आज फोडायला घेतले आणि दगड झालेत. ओलं असताना जे एका घावात झालं असतं त्याला आता पाचर, घण आणि शिव्या.

उन्हं उतरल्यावर आई मांगरात आली. वरच्या थरातल्या दोन ढलप्या काढल्या, एकमेकींवर आपटल्या आणि कान देऊन ऐकलं. मग खालच्या थरातल्या दोन काढून आपटल्या. वरच्या टणटणत होत्या, खालच्यांचा आवाज बसका. खालच्या परत जागेवर ठेवल्या. "आनीक म्हयनोभर," म्हणाली.

आणि कोपऱ्यातली गेल्या वर्षीची बुरशी आलेली चार लाकडं काखेत मारून न्हाणीकडे गेली. नवीन लाकूड आत्ता का नाही म्हटलं तर मागे वळून म्हणाली, आधी ती संपू दे.

न्हाणीतून धूर यायला लागलाय. लिहिणं थांबवून फुंकणी घेतो.