वाचनवर्गातली स्वयंसेवा आणि मानसशास्त्र : माझा अनुभव

मानसशास्त्राच्या पदवीचं दुसरं वर्ष चालू असताना मी प्राथमिक वर्गातल्या मुलांना वाचायला मदत करण्याचं काम घेतलं. आठवड्यातून 2 दिवस, दर वेळी दीड तास, एकूण 12 आठवडे. वर्गात शिकलेलं तिथे नेमकं कुठे लागू पडलं आणि कुठे अडलं, ते सविस्तर लिहिते.

आधी कागदपत्रं. मुलांसोबतच्या कामासाठी चारित्र्य पडताळणी मागतात आणि तिला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून अर्ज निदान 2 महिने आधी टाकावा. अर्जात ‘अनुभव हवा आहे’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या वारी किती वाजता येणार, किती आठवडे नक्की येणार आणि स्वतःच्या परीक्षेच्या दिवसांत काय करणार, हे समन्वयकाला कळायला हवं. मुलं माणसाची सवय लावून घेतात. ताई मध्येच यायची बंद झाली की ते त्यांच्या मनाला फार लागतं. मुलाखतीत आपणही 2 प्रश्न विचारावेत : माझ्या कामावर देखरेख कोणाची, आणि मुलाने काही गंभीर सांगितलं तर ते कोणाच्या कानावर घालायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे चटकन मिळत नाही, तिथे विद्यार्थ्याने काम घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यात हात शिवशिवतात ते निदान करायला. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या खास अडचणींचं, प्रकरण नुकतंच वाचलेलं असतं आणि समोरचं मूल ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळतं. पण निदानाला प्रमाणित चाचण्या लागतात, त्या घेणारा प्रशिक्षित माणूस लागतो, शिवाय मुलाचं ऐकणं-दिसणं आधी तपासलेलं असावं लागतं. आपलं काम जे दिसलं ते लिहून देण्यापुरतं. पालकांसमोर तर ‘अक्षमता’ हा शब्द चुकूनही उच्चारू नये. एकदा कानावर पडला की तो त्या मुलाला चिकटतो.

प्रत्यक्ष वाचनात सगळ्यात उपयोगी पडलं ते थांबणं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं होतं की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद वाट बघतात, आणि हीच वेळ 3 सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात. वाचनात मूल अडलं की मी मनात 5 पर्यंत मोजायचे. सुरुवातीला ते 5 आकडे संपता संपत नाहीत.

एक उदाहरण. वाक्य होतं ‘गर्दीत तो हरवला’. मुलाने वाचलं ‘गादीत तो हरवला’. लगेच टोकलं तर मूल मान वर करून आपल्या चेहऱ्याकडे बघतं आणि पुढचा प्रत्येक शब्द आपल्याला विचारून वाचू लागतं. म्हणून वाक्य संपू द्यायचं. कित्येकदा ते स्वतःच थबकतं, कारण गादीत कोणी हरवत नाही. नाही थबकलं तर आधी अर्थाकडे बोट दाखवायचं : ‘तो कुठे हरवला म्हणालास?’ चुकीचा शब्द अर्थाने जुळत असेल, म्हणजे ‘घर’च्या जागी ‘घरी’ असं काही, तर मात्र अक्षराकडे लक्ष वेधायचं. 2 खुणा देऊनही जमलं नाही तर शब्द सरळ सांगून पुढे जायचं. ताणत बसलं की गोष्टीचा धागा सुटतो.

मुलाला पेलेल एवढाच आधार देऊन तो हळूहळू काढून घ्यायचा, या कल्पनेला वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली बांधकामातल्या परांचीचं, म्हणजे आधाराच्या सांगाड्याचं नाव दिलं. परीक्षेत त्यावर पानभर लिहिता येतं. वर्गात मात्र चूक होते ती आधार काढायला विसरण्याची. चौथ्या आठवड्यातही आपलं बोट ओळीखाली फिरत असेल, तर समजावं की आता ते उचलायची वेळ झाली.

बक्षिसांचा मुद्दा वादाचा आहे. स्टिकर वाटले की पहिले काही दिवस उत्साह दिसतो. पण लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या 1973च्या प्रयोगात, आधीच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना प्रशस्तिपत्र कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतरच्या मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना देऊ लागली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने तसं झालं नाही. त्यामुळे ज्याला पुस्तक आवडतंच त्याला स्टिकरचं आमिष दाखवू नये. जो पुस्तकाला हातच लावत नाही, त्याच्यासाठी सुरुवातीला छोटं बक्षीस चालेल. आणि कौतुक नेमकं असावं : ‘हुशार आहेस’पेक्षा ‘तो शब्द तू मागे जाऊन पुन्हा वाचलास’. यात मुलाला पुढच्या वेळी काय करायचं तेही कळतं.

वर्तनाच्या नोंदीसाठी वहीत 3 रकाने आखले : आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. तिथे ‘चिडला’ असं लिहायचं नाही. ‘पुस्तक मिटलं, पाठ केली, 2 मिनिटं बोलला नाही’ असं लिहायचं. 5-6 नोंदी झाल्यावर अंधुक का होईना, एक ठरावीक क्रम दिसायला लागतो. पुस्तक मिटणं दर वेळी मोठ्याने वाचायची पाळी आली की होतंय, आणि मिटल्यावर पाळी टळतेय. मग उपाय ओरडण्यात नाही, तर आधी दोघांनी एकत्र वाचून घेण्यात आहे. एक धोका : लक्ष वेधण्यासाठी केलेल्या दंग्याकडे दुर्लक्ष सुरू केलं की तो कमी होण्याआधी काही काळ वाढतो. तेव्हाच घाबरून लक्ष दिलं, तर मूल हेच शिकतं की अजून जोरात करायचं असतं.

नोंदी त्याच दिवशी, शक्यतो अर्ध्या तासात लिहाव्यात. मुलांची नावं लिहू नयेत, खुणेची अक्षरं वापरावीत. विद्यापीठाला अहवाल द्यायचा असेल तर गिब्ज यांचं 1988चं 6 पायऱ्यांचं चिंतनचक्र, म्हणजे ‘काय घडलं’पासून ‘पुढे काय करणार’पर्यंत अनुभवाचा विचार करायची पद्धत, सोयीचं पडतं. त्यात बहुतेकांचा अहवाल ‘मला काय वाटलं’ या पायरीवरच रेंगाळतो आणि विश्लेषणाला 2 ओळी उरतात.

‘कोणाला सांगणार नाही ना?’ असं मुलाने विचारलं, तर वचन देऊ नये. ‘तू सुरक्षित राहावंस म्हणून मला एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल’, हे आधीच सांगावं. मग शांतपणे ऐकावं, खोदून विचारू नये, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावे आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवावं. सुचवणारे प्रश्न विचारले तर पुढे त्या कथनावरच शंका येते.

निरोपाचं 3 आठवडे आधी सांगावं. मी वहीच्या मागच्या पानावर उरलेल्या दिवसांचे 6 चौकोन काढून दिले. दर वेळी मुलं एकेक चौकोन रंगवायची.