तक्ता नीट वाचता येतो, मग पाट्या का हलतात?

सोलापुरात नेत्रतपासणीचे काम करताना मला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: "चष्म्याचा नंबर बरोबर आहे, शेवटची ओळसुद्धा वाचता येते, तरी होटगी रस्त्यावर दुचाकीवर बसले की दुकानांच्या पाट्या हलतात, मग तुम्ही डोळ्यांवर कॅमेरा लावून मान का हलवता?" त्याचेच उत्तर इथे सांगते.

तक्ता वाचताना डोके स्थिर असते, दुचाकीवर नसते. डोके हलले की अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका ती हालचाल टिपतात आणि साधारण 10 मिलिसेकंदांत डोळे तेवढ्याच वेगाने उलट दिशेला वळू लागतात. समोर दिसलेल्या वस्तूकडे नजर वळवायला मात्र सुमारे 200 मिलिसेकंद लागतात; त्यामुळे ही प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली तर तिची उणीव लक्ष देऊन भरून निघत नाही. जेंटामायसिनसारख्या औषधाने दोन्ही कानांतील तोल सांभाळणाऱ्या पेशींना इजा झाली, तर दृष्टी शाबूत राहूनही जग डुचमळते.

हॅल्माजी आणि कर्थॉइस या संशोधकांनी 1988 मध्ये यासाठी साधी तपासणी मांडली: रुग्णाने माझ्या नाकाकडे पाहायचे आणि मी त्याची मान अचानक, थोडीशीच वळवायची. क्रिया क्षीण असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग झटक्याने परत येतात. पण काही रुग्णांत हा झटका मान थांबण्यापूर्वीच येऊन जातो, आणि कितीही अनुभवी नजर असली तरी तो निसटतो. सेकंदाला 250 चित्रे घेणारा अवरक्त कॅमेरा बाहुलीचा मध्य टिपत राहतो, म्हणून हा निसटणारा झटका सापडतो.

यंत्राच्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. कॅमेरा बसवलेल्या चष्म्याचा पट्टा सैल असला की तो चष्मा सरकतो आणि आलेख खोटा येतो. गडद काजळाला यंत्र कधी बाहुली समजते (त्यामुळे काजळ पुसायला सांगितल्यावर आज्या रागावतात, ते वेगळेच). डोळ्याच्या आतील पडद्याचा मध्यभाग खराब झालेल्या रुग्णाला समोरच्या ठिपक्यावर नजर रोखता येत नाही, आणि मग यंत्र जुळवून घेणेच अवघड होते.

आलेख चांगला आला की घरचे सुस्कारा सोडतात. मात्र अचानक सुरू झालेली चक्कर अखंड चालू असताना ही क्रिया निर्दोष आढळली, तर दोष कानात नसून मेंदूच्या मागच्या भागात, कदाचित पक्षाघाताचा, असण्याची शंका वाढते. अशा रुग्णाला मी चष्म्याचे काही न बोलता लगेच मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवते.