शॉवेल नाइट : आठ आवाजांची पार्टी

2014 साली आलेला 'शॉवेल नाइट' हा फावडंवाल्या शूराचा व्हिडिओ गेम दिसतो जुन्या टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटसारखा. चित्रात सूट घेतलीय: पडदा रुंद आहे, गर्दी झाली तरी माणसं लुकलुकत नाहीत. संगीतात मात्र संगीतकार जेक कॉफमननं जुन्या आवाजाच्या चिपचा हिशेब चोख पाळलाय. मूळ निन्टेन्डो खेळयंत्राचे 5 आवाज (सुरांसाठी दोन पल्स आणि एक ट्रँगल, एक नॉइज म्हणजे खरखर, एक सॅम्पल म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा), वर कोनामी कंपनीच्या कॅसेटमधल्या जादा आवाजांच्या व्हीआरसी6 चिपचे 3: दोन पल्स, एक सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर). दोन चाली मानामी मात्सुमाएच्या. 1987 च्या 'मेगा मॅन'चं संगीत तिचंच.

पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात हे पेटीवरच सांगितलेलं बरं. पेटीवर सा-ग-प एकदम दाबता येतात. पल्सला एका वेळी एकच सूर. म्हणून फॅमिट्रॅकरमध्ये (ओळीओळीनं सूर लिहून असं चिपचं संगीत करायचं सॉफ्टवेअर) सुराशेजारी 047 लिहायचं: सा, चार अर्धस्वर वर शुद्ध ग, सात वर प. सेकंदाला 60 वेळा सूर बदलतो, म्हणजे सा-ग-प 20 वेळा फिरतो आणि कानाला एकच थरथरता आवाज लागतो. 037 केलं की ग कोमल.

नॉइज म्हणजे आपली हलगी. ढोल मात्र ट्रँगलकडून काढतात: सूर झटकन खाली घसरवला की 'धुम्म'. तेवढ्यात बेस तुटतो, कारण तोही ट्रँगलच वाजवत असतो. इथं सॉटूथ कामाला येतो. बेस त्याच्याकडे द्या, ट्रँगल मोकळा. घुमारा हवा तर तीच चाल दुसऱ्या पल्सवर दोन-तीन ओळी उशिरा, निम्म्या आवाजात टाका. दोन्हींचा आवाज सारखा ठेवलात तर बेंजो पार्टीत एकाचा ताल चुकल्यासारखं होतं.

खेळताना उडी मारून हवेत खालचं बटण दाबलं की फावडं खाली रोखलं जातं आणि शत्रूवर आपटून पुन्हा वर उसळी मिळते. वर काटे असतील तर तीच उसळी जीव घेते; आधी मान वर करून बघा. वाटेतले चेकपॉइंट फोडले की पैसे मिळतात, पण मेलात की मागच्या चेकपॉइंटवर. मेल्यावर सांडलेल्या थैल्या उचलायच्या आधी पुन्हा मेलात, तर त्या गेल्याच. लपलेले 46 स्वरलिपीचे कागद गावातल्या भाटाला दिले की प्रत्येकी 500 मोहरा.

ब्लूटूथ इअरफोन नको. फावड्याचा आवाज मागून येतो आणि उडी चुकते. मोबाइलच्या स्पीकरवर ट्रँगलचा बेस जवळजवळ गायब. साधा वायरचा हेडफोन लावा.